साहेबांचा सेट

"सात नंबर द्या परत," थवी म्हणाला.

हेंगशेटनं भिंतीला टेकवलेला सात नंबरचा आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याचा क्लब, तिसऱ्यांदा उचलून त्याच्या हातात दिला. दुकान लंपांगच्या हमरस्त्यावर होतं. जपानहून कंटेनर भरून जुने गोल्फ क्लब येत, ते इथे किलोवर उतरत आणि नगावर विकले जात. मागच्या बाजूला एक जाळी टांगली होती. थवीनं जाळीत एक चेंडू मारला, थोडा वेळ उभा राहिला, दुसरा मारला आणि मग क्लबच्या दांड्याचा वास घेतला.

"वास कशाचा घेताय?"

"असाच."

"घर घेतलंत तेव्हा किती वेळा बघितलं होतंत?"

"एकदा. पाऊस होता, म्हणून आतूनच बघितलं."

"आणि ही तुमची अकरावी फेरी," हेंगशेट म्हणाला. "साडेसहा हजार बाटमध्ये याहून चांगलं काही मिळायचं नाही. पाठीत खळगा आहे, तळ रुंद आहे. जरा वाकडं लागलं तरी चेंडू निमूट सरळ जातो. तुमच्यासारख्यांसाठीच केलेत हे."

"माझ्यासारखे म्हणजे?"

"सुधारणारे."

थवीच्या मनात तो शब्द रुतला. एकावन्न वर्षांत त्याला हे कुणी म्हटलं नव्हतं. पाणीपुरवठा कार्यालयात सव्वीस वर्षं तो मीटर तपासत होता, आणि मीटर तपासण्यात सुधारण्यासारखं काही नसतं. आकडा दिसतो, लिहायचा. सहा वर्षांपूर्वी कार्यालयाचे प्रमुख अननसाहेब यांच्या शनिवारच्या खेळात चौथा गडी कमी पडला, म्हणून लष्करी छावणीतल्या मैदानावर त्याला उभं केलं. त्या दिवशी अठरा होल पुरे करायला त्याला एकशे बेचाळीस फटके लागले. मग एकशे बारा झाले. मग शहाण्णव. आणि गेले पाच महिने शहाण्णवच. नव्वदच्या आत यायचं, एकदाच, एवढंच त्याला हवं होतं. त्यापायी झोप उडाली होती. तो स्वयंपाकघरात झारा हातात धरून गुडघे वाकवी, आणि बायको रच्चनी भाताचं भांडं त्याच्या माऱ्याबाहेर सरकवून ठेवी.

"अहो, घ्यायचा तर घेऊन टाका," ती म्हणायची. "नाहीतर झारा तरी खाली ठेवा."

पण घेऊन टाकणं सोपं नव्हतं. थवी ज्या आयर्ननी खेळायचा ते साहेबांचे होते. साहेबांनी नवा सेट घेतला तेव्हा जुना त्याला दिला, तोही नववर्षाच्या समारंभात, सगळ्या ऑफिससमोर. त्याचा फोटो अजून पाणपोईच्या वर लावलेला होता. साहेबांनी दिलेली वस्तू हरवली तर माणूस हळहळतो, मोडली तर दुरुस्त करतो. बदलली तर मात्र त्याचा अर्थ होतो की साहेबांनी भंगार दिलं. असा अर्थ लंपांगमध्ये कुणी आपणहून काढून दाखवत नाही.

त्यात भर म्हणजे प्रत्येक आयर्नच्या पाठीवर तीन पांढरे ठिपके होते. टेकडीवरच्या विहारातल्या थोरल्या भंतेंनी स्वतःच्या बोटानं लावलेले. नव्या गाडीला लावतात तसे. साहेबांनी वर लाखेचा हात देऊन ते कायमचे करून घेतले होते.

"ठिपके चांगले आहेत," त्याची कॅडी लमाय म्हणाली होती. सहा वर्षं त्याची बॅग तीच ओढत होती. डोक्यावर टोपी, टोपीवर फडकं, तोंडावर फडकं. बाहेर फक्त डोळे आणि मतं. "ठिपक्याखालचं लोखंड वाईट आहे. पातं बघा, सुरीसारखं. हे चेंडू मारायला केलेलं नाही दादा, पपई चिरायला केलंय. बरोबर मध्यावर लागला तर लागला. साहेबांनाही कधी लागला नाही, म्हणून तर तुम्हाला दिला."

"हळू बोल."

"साहेब दोनशे वाव लांब आहेत. आणि त्यांना दिसतही नाही."

हे मात्र खरं होतं. साहेबांना चष्मा लागला होता, पण मैदानावर ते तो लावत नसत. त्यानं माणूस म्हातारा दिसतो, असं त्यांचं मत होतं.

हेंगशेटकडचा सेट त्याच कंपनीचा निघाला, शिक्का तोच, फक्त बांधणी सुधारणाऱ्यांची. तेव्हा थवीच्या डोक्यात जे आलं ते त्यानं लमायला सांगितलं. तिनं आधी आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं. तिच्या बाबतीत हे नवीन होतं.

"खळगा मी चिखलानं भरेन," मग ती म्हणाली. "क्लब पुसत नाही म्हणून बाकीच्या पोरी मला आळशी म्हणतील. म्हणू देत. पण ठिपक्यांचं काय?"

"ऑफिसात व्हाइटनर आहे."

"दादा, पाप लागेल."

"सात आयर्न, प्रत्येकी तीन ठिपके. एकवीस ठिपक्यांना लागून किती लागणार?"

जेवणाच्या सुट्टीत मीटर तपासणीच्या खोलीला आतून कडी लावून त्यानं ठिपके दिले. पहिल्या क्लबवर ठिपक्यांना शेपट्या फुटल्या. ते खरवडून पुन्हा दिले. मग जुना सेट गोणपाटात गुंडाळून पलंगाखाली सरकवला. संध्याकाळी टेकडीवर जाऊन थोरल्या भंतेंपुढे कमळं ठेवली आणि काहीच न सांगता तीनदा नमस्कार केला. भंते एक्क्याण्णव वर्षांचे होते. नऊ दिवसांनी ते गेले. आपल्यामुळे नाही, हे थवीला माहीत होतं. तरी पुढचे तीन दिवस तो व्हाइटनरच्या कपाटावरून लांबून जात होता.

भंते गेल्यानंतरच्या शनिवारी नवा सेट मैदानावर आला.

पहिल्याच होलला त्यानं सात नंबर मारला. जरा टोकाकडे लागला होता. जुन्या क्लबनं चेंडू तळ्यात नेला असता, वर मनगटात मुंगी चावल्यासारखं झालं असतं. हा चेंडू उठला, थोडा विचार केल्यासारखा थांबला आणि झेंड्याभोवतीच्या हिरवळीवर जाऊन बसला.

"चिखल जास्त झाला का?" थवीनं कुजबुजत विचारलं.

"चाला तुम्ही," लमाय म्हणाली. "मागं बघू नका. तोंड नेहमीसारखं ठेवा, पडलेलं."

पण तोंड पडेना. बाराव्या होलनंतर साहेब थवीचे फटके मोजू लागले. सोळाव्याला स्वतःचा फटका मारायच्या आधीच ते थवीच्या बॅगेकडे बघू लागले. अठरावा होल संपला. साहेबांनीच बेरीज केली, दोनदा केली आणि कार्डावर सही केली. अठ्ठ्याऐंशी.

थवी ते कार्ड हातात धरून बसला. काय करावं ते त्याला कळेना, म्हणून त्यानं ते खिशात ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

पत्र्याच्या शेडखाली नूडल्स आले. साहेब उठले, त्याच्या बॅगेतून सात नंबर काढला आणि डोळ्यांजवळ नेला. लमाय दारातून एक पाऊल पुढे आली. साहेबांनी चिखलाच्या कडेनं अंगठा फिरवला. तो ठिपक्यांवर थांबला.

"सहा वर्षं झाली, थवी. जराही पुसले नाहीत."

"नाही साहेब."

"उलट जास्त पांढरे झालेत."

"हो साहेब."

"भंते गेले आणि त्याच आठवड्यात तू अठ्ठ्याऐंशी केलेस. मी हिशेब मांडत नाही. पण असं होतं. आशीर्वाद पिकायला वेळ लागतो." साहेबांचे डोळे ओले होते, आणि ते नाटक नव्हतं. थोरल्या भंतेंनी त्यांना लहानपणी मांडीवर घेतलं होतं. "आता त्या बोटाचे ठिपके कुठं मिळायचे. मी घाई केली रे देऊन टाकायची."

साहेब एवढंच म्हणाले. मागितलं काहीच नाही. लंपांगमध्ये मागणं यापुढे जात नाही, आणि एवढं झाल्यावर नाही म्हणता येत नाही.

"तुमचेच आहेत साहेब," थवी म्हणाला. "मी सांभाळत होतो."

"छे छे. दिलं ते दिलं."

"न्या साहेब."

"तू काय खेळशील? नको."

"न्या."

तिसऱ्यांदा म्हटल्यावर साहेबांनी गाडीची डिकी उघडली. परत येताना त्यांनी थवीच्या हातात एक डझन नवे चेंडू दिले, प्रत्येकावर साहेबांचं नाव छापलेलं.

गाडी गेल्यावर लमायनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. सहा वर्षांत त्यानं तिची हनुवटी पहिल्यांदा पाहिली.

"सांगायचं होतं."

"काय सांगू? भंतेंचे ठिपके व्हाइटनरचे आहेत म्हणून?"

"मग पुढच्या शनिवारी जुना आणा. पपईचा."

"तो साहेबांकडे आहे."

"तो पलंगाखाली आहे, दादा."

"पलंगाखाली जो आहे, तो आता असू शकत नाही," थवी म्हणाला. "साहेबांनी आत्ता तो डिकीत ठेवला."

लमायनं यावर विचार केला. मग फडकं पुन्हा वर ओढलं.

पुढच्या शनिवारी साहेबांचा फोन आला. खांदा दुखतोय, थवीनं सांगितलं. मग नुसता चालायला ये, साहेब म्हणाले, तू असलास की बरं असतं. तो गेला. बॅग नसल्यानं हातांना काम नव्हतं. ते त्यानं आधी खिशात ठेवले, मग पाठीमागे बांधले, मग एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून चालला. साहेबांनी त्या दिवशी लमायलाच बॅग दिली होती. क्लब स्वच्छ होते. त्यांनी घरी धुवून आणले होते. पाठीतले खळगे उघडे पडले होते. साहेब चष्म्याशिवाय त्यांच्याकडे बघत आणि हसत.

साहेबांना क्लब मानवले. सतराव्या होलला त्यांनी सात नंबर घेतला. फटका किंचित टोकाकडे लागला, हे थवीला आवाजावरून कळलं. तरी चेंडू उठला आणि हिरवळीवर झेंड्यापासून चार हातांवर बसला.

"बघितलंस?" साहेब वळून म्हणाले.

"चांगला लागला साहेब," थवी म्हणाला. तसं त्याला खरोखरच वाटलं होतं.

साहेब चेंडू भोकात ढकलायला पटर घेऊन वाकले. थवी पुढे गेला आणि भोकातला झेंडा उपसून हातात धरला. उन्हं उतरली होती. त्याची सावली साहेबांच्या चेंडूपासून भोकापर्यंतच्या वाटेवर आडवी पडत होती. तो एक पाऊल मागे सरला. साहेब अजून अंदाज घेत होते. सावली लांबली. थवी आणखी एक पाऊल मागे गेला, मग आणखी एक, गवताच्या कडेपर्यंत, वाटेवर त्याचं काहीच उरेनासं होईपर्यंत.