शिट्टीवाल्याचा फोटो आणि माझा घसरता पाय

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेऱ्याला उभे राहायला तीन पाय लागतात, ते माझे. त्यातला एक पाय घसरतो. हे आधीच सांगितलेले बरे, कारण माझ्या जिवाला सतत त्याचाच घोर असतो.

माझी उमेदीची वर्षे बाबांच्या फोटो स्टुडिओत गेली. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. ओळखपत्राचे फोटो, रडकी बाळे, लाजणारी नवी जोडपी, सगळ्यांसमोर मी मुकाट उभा राहिलो. "याच्यामुळे माझा एकही फोटो हलला नाही," असे बाबा गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा माझ्या धातूच्या अंगावरही मूठभर मांस चढे. पुढे बाबांची नजर अधू झाली, स्टुडिओ बंद झाला आणि माझी रवानगी कपाटामागे, ओल्या छत्र्यांच्या शेजारी झाली. पायाचा स्क्रू तिथेच गंजला.

आमच्या घरामागच्या झाडीत एक इवलासा पक्षी राहतो. पानांच्या इतक्या दाटीत, की तिथे सकाळीसुद्धा दिवेलागणीची वेळ वाटते. तिथून तो शीळ घालतो. बाबा त्याला शिट्टीवाला म्हणतात. आवाज रोजचा, पण पक्षी त्यांना कधी दिसलेला नाही. डोळ्यांचे ऑपरेशन ठरले आणि खात्री देता येणार नाही असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा बाबांनी मुलीला एवढेच सांगितले, "त्याचा एक फोटो काढ. मोठा करून दाखव. जवळून बघितलं की अजून थोडं दिसतं मला."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही झाडीत गेलो. फ्लॅश मारला तर पाखरू बिथरेल, म्हणून आहे त्या अंधुक उजेडातच फोटो काढायचा होता. अशा वेळी कॅमेऱ्याचा डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात कोणी हलून चालत नाही. ना पक्ष्याने, ना मी. त्यात बाबांनी जुन्या सवयीने जड पिशवी माझ्या मधल्या हुकाला लटकवली. स्टुडिओत त्या वजनाने मी घट्ट उभा राहत असे. पण मित्रांनो, स्टुडिओत वारा नसतो.

शिट्टीवाला आला. मुलीने भराभर फोटो घेतले आणि पाहिले. सगळे नुसते फराटे.

"बाबा, याचा पाय कामातून गेलाय," ती वैतागून म्हणाली. "घरी गेल्यावर भंगारात देऊन टाकू."

पाय तर मी जीव खाऊन रोवला होता. हलत होती ती पिशवी. पण मला तोंड कुठे आहे? पक्षी उडाला तर बाबांचे काय आणि माझे काय, या काळजीने माझा जीव टांगणीला लागला.

बाबांनी माझ्या एकेका पायावर हात ठेवला आणि डोळे मिटून तसेच थांबले.

"पाय धड आहेत गं. पिशवी झुलतेय, म्हणून हा थरथरतोय."

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि घसरत्या पायाला आपला रुमाल करकचून बांधला. "शीळ संपली की तो क्षणभर गप्प बसतो," ते म्हणाले. "मी 'आता' म्हटलं की दाब."

वर ढग आला. उजेड आणखी कमी झाला. शीळ सुरू झाली, लांबली, थांबली.

"आता," बाबा पुटपुटले.

घरी मुलीने फोटो संगणकाच्या पडद्याभर मोठा केला. शेपटी किंचित हलली होती, पण डोळा लख्ख आला होता. बाबांनी नाक टेकेल इतका चेहरा जवळ नेला.

"एवढासाच आहे होय," ते म्हणाले. "आणि आवाज केवढा." बराच वेळ ते तिथून उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात निघताना चपला घालायला वाकलेल्या बाबांचे हात थरथरत होते. मुलीने त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला अडकवली आणि त्यांच्या हातावर हात ठेवून तशीच थांबली.

मित्रांनो, कोणी थरथरताना दिसले तर ते कामातून गेले असे लगेच म्हणू नका. आधी हात लावून पाहा, त्याच्यावर कसले ओझे लटकले आहे का.

मी दारामागे उभा आहे. पायाला रुमाल अजून तसाच आहे. ते दोघे परत येईपर्यंत मला हलायचे नाही.