वरचा सांधा

मी बोलतेय ती एका जुन्या, दोन दारांच्या मोटारीची बिजागरी. चालकाच्या बाजूची, वरची. माझ्या खाली हातभर अंतरावर आणखी एक आहे. एकाच दाराचं ओझं वाहणाऱ्या आम्ही दोघी जावा. ती दिवसभर कुरकुरते आणि दार तोलून धरते मी, हे मुद्दाम सांगून ठेवते.

मी ओतीव लोखंडाची. माझ्या पोटात बोटाएवढी जाड पोलादी खीळ आहे, तिच्याभोवती मी एकोणसाठ वर्षं फिरतेय. हल्लीच्या गाड्यांच्या बिजागऱ्या दाराच्या आत लपून बसतात. त्यांचं त्यांना लखलाभ. मी बाहेर, चारचौघांत असते.

माझे मालक टाइपरायटर दुरुस्त करायचे. बाजारात मला बिजागरी म्हणोत, ते मला सांधा म्हणत. बायकोला सांगत, बिजागरी कपाटाला असते, गाडीला सांधे असतात. हे ऐकलं की माझी छाती फुगायची.

दर रविवारी चहा झाला की ते लांब नळीची तेलाची कुपी घेऊन शेडमध्ये येत. आधी वरचा सांधा, मग खालचा. खिळीच्या डोक्यावर एक थेंब सोडायचा, तो मुरू द्यायचा. मग मोठ्याने मोजत दार दहा वेळा उघडायचं आणि लावायचं. जास्तीचं तेल फडक्याने पुसायचं, नाहीतर त्याला धूळ चिकटते. हे झालं की दुसऱ्या दाराकडे. आमचं दार एका बोटाने लागायचं. पाहुणे सवयीने दार आतून जोरात ढकलायला जात आणि दाराबरोबर स्वतःही बाहेर येत. मालक गालातल्या गालात हसायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात गेला, पाय लुळे पडले आणि वाचाही गेली. बायको आधीच वारली होती, म्हणून लेक राहायला आली. शेडला लागूनच मालकांची खोली आहे, मधल्या खिडकीतून मला सगळं दिसतं. लेकीला त्यांच्या खणात, गोळ्यांच्या चिठ्ठ्यांखाली, एक टाइप केलेला कागद सापडला. तिने तो मोठ्याने वाचला.

"रविवार. सांध्यांना तेल. दोन्ही बाजूंना दोन-दोन. वरचा आधी, खालचा मग. मुरू द्यावे. उघडमीट दहा वेळा. जास्तीचे पुसणे."

मला वाटलं, आता ही कुपी घेऊन येणार. ती आली तेल कोमट करून, बापाच्या पायाशी. वरचा सांधा म्हणजे गुडघा आणि खालचा म्हणजे घोटा, असा तिने हिशेब लावला. उघडमीट म्हणजे पाय दुमडायचा आणि सरळ करायचा. मालक डाव्या हाताने खिडकीकडे खुणा करत, मान हलवत, घशातून आवाज काढत. ती म्हणायची, "लाजू नका बाबा, तुम्हीच लिहिलंय." एकही रविवार चुकला नाही. लेक बापाला डोळ्यांत तेल घालून जपत होती, एक माझ्यातच तेवढं पडत नव्हतं.

मी गंजले. खीळ धरून बसली. दार खाली झुकून चौकटीला घासू लागलं. एकोणसाठ वर्षांच्या नोकरीत मला पहिल्यांदा शरम वाटली. शेवटी बाबांना गाडीतून फिरवायचं लेकीने मनावर घेतलं आणि पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने दार हिसडलं. मी अशी किंचाळले की खोलीतले मालक उठून बसले.

मिस्त्रीने सांगून टाकलं की बिजागऱ्या कापून नव्या बसवाव्या लागतील. त्याने कापायचं यंत्र पेटीतून काढलं. मालकांचा हात खिडकीच्या गजांवर आपटत होता.

"बघा ना ताई," मिस्त्री म्हणाला, "सांधे पार सुकलेत. खालचा तरी हलतोय, वरचा जाम आहे. तेलच नाही यात."

लेक मिस्त्रीकडे वळली. मग हळूच म्हणाली, "वरचा काय?"

"वरचा सांधा. दोन्ही बाजूंना दोन-दोन असतात ना."

ती आत पळाली, कागद घेऊन आली, पुन्हा वाचला आणि खिडकीकडे बघत राहिली. "बाबा, हे गाडीचं होतं?"

मालक हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, पण खांदे हलेपर्यंत. ती हसता हसता रडायला लागली. मिस्त्रीला काही कळेना, पण त्याने यंत्र खाली ठेवलं. गंज सुटायचं पातळ तेल त्याने खिळीवर सोडलं आणि म्हणाला, उद्यापर्यंत मुरू द्या. सुटली तर सुटली, नाहीतर कापू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हातोडी घेऊन आला. पण त्याच्या आधी मालक आले. काठी टेकत, स्वतःच्या पायांनी, खोलीपासून शेडपर्यंत चौदा पावलं. दोन वर्षं तेल खाल्लेले ते गुडघे आणि घोटे! डॉक्टरांनी ज्यांची आशा सोडली होती, ते पाय माझ्यासमोर उभे होते. लेक मागे हात धरायला तयार होती, पण धरावा लागला नाही.

मिस्त्रीने खिळीवर हलके ठोके दिले. मालकांनी डाव्या हाताने दार धरलं आणि जोर लावला. मी सगळा जीव एकवटला. माझ्यातून काळं, गंजाचं पाणी ओघळलं आणि मी वळले.

"एक," मालक म्हणाले.

लेकीच्या हातातलं फडकं खाली पडलं. दार लागलं, पुन्हा उघडलं. "दोन." शब्द जड होता, वाकडा होता, पण त्यांचाच होता. दहापर्यंत मोजूनच ते थांबले.

आता आम्ही रविवारी फिरायला जातो. बोलणं अजून थोडंच येतं, पण आकडे ठणठणीत. तो कागद शेडच्या भिंतीवर चिकटवलाय. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी एखादं दार कुरकुरत असेल तर त्याला शिव्या घालू नका, एक थेंब तेल घाला. माझा जीव एका थेंबावर वाचलाय. आणि कधी आमच्या शेडमध्ये आलात तर तो कागद जरूर वाचा. "सांध्यांना तेल"च्या आधी लेकीने पेनने एक शब्द लिहिलाय: "दोघांच्याही".