झरोक्यातला कोट

स्लोव्हेनियाचा अभ्यासदौरा करून देसांका परतली ती वयाने चार वर्षं लहान होऊन, असं सर्बियातलं तिचं सगळं गाव म्हणत होतं. तिचा दीर स्वेतोझार तेवढा म्हणत नव्हता. तो म्हणायचा, "वहिनी सरकारी खर्चाने फिरून आल्या, आता आम्हांला ऊन कसं पडतं ते शिकवतील."

शिकवणारच होती ती. आलुबुखार वाळवायची त्यांची भट्टी सासऱ्यांच्या काळापासून लाकडावर पेटत आली होती, आणि लाकूड फोडायचा स्वेतोझार. फेब्रुवारीत त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. कुऱ्हाडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. याने मान डोलावली आणि घरी येऊन कुऱ्हाडीला धार लावली. भट्टी लाकूड खाते आहे तोवर हा बाबा ऐकायचा नाही, आणि भट्टीच बंद केली तर दोघांनी खायचं काय? नवरा गेल्यापासून देसांकाला आपलं म्हणावं असं माणूस हे एकच उरलं होतं. त्याच्यासाठी साठाव्या वर्षी पहिल्यांदा पासपोर्ट काढून ती दौऱ्याच्या बसमध्ये चढली होती.

चार दिवसांत तिने पुष्कळ पाहिलं. एक सुतार आपल्या भुशावर शेजारची शाळा गरम ठेवत होता. एका डेअरीत दूध थंड करताना निघालेल्या उष्णतेवर भांडी धुवायचं पाणी तापत होतं. पण तिचा जीव अडकला तो मार्येताबाईंच्या वाळवणघरात. छपरावर काळ्या पत्र्याची पेटी, तिच्यात उन्हाने हवा तापायची. सोलरवरचा पंखा ती हवा फळांच्या जाळ्यांमधून खेचायचा, आणि दमट झालेली हवा मागच्या झरोक्यातून बाहेर. लाकडाची काडीसुद्धा नाही. मार्येताबाई म्हणाल्या, "ऊन फुकट आहे हो. लोक हवा कोंडतात, तिथे सगळा घोळ होतो." आणि त्यांनी दोन्हीकडची दारं उघडून दाखवली.

झालं, सर्बियाची सोळाची सोळा माणसं भिंतीला चिकटली. दोन दारांमधून वाहणारा वारा म्हणजे प्रोमाया, आणि घामेजल्या अंगाला प्रोमाया लागली की मान धरते, मूत्रपिंडं जातात, माणूससुद्धा जातं, हे आईच्या दुधाबरोबर प्यायलेले लोक ते. ऑगस्टच्या उकाड्यात बसची एकही खिडकी न उघडता आले होते. मार्येताबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या, आणि मग मुकाट्याने घरातून शाली घेऊन आल्या. निघताना त्यांनी देसांकाच्या हातात आपली बारा वर्षांची वही ठेवली. कुठल्या दिवशी किती ऊन, किती वेळ, फळ कसं निघालं, सगळं त्यात. ना ओळख ना पाळख, आणि बाईने आयुष्यभराची शिकवण उचलून दिली. देसांका सीमा ओलांडेपर्यंत ती वही उराशी धरून बसली होती.

नगरपालिकेने तिला तसंच यंत्र दिलं, पण एका अटीवर. पहिला घाणा पाहायला तियाना नावाची अधिकारी येईल. काम झालेलं दिसलं तर यंत्र देसांकाचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाचं. शेजारपाजाऱ्यांनी आपापल्या फळांच्या टोपल्या विश्वासाने आणून दिल्या. दोन दिवस देसांका पातळ सदऱ्यात आत बसून जाळ्या खालीवर करत होती. घामेजल्या पाठीला झुळूक गार लागायची आणि तिला मार्येताबाई आठवायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने दार उघडलं आणि नाकात आंबूस वास शिरला, राकिया या फळांच्या दारूच्या पिंपातून येतो तसा. छताला पाण्याचे थेंब. खालच्या जाळ्यांवर पांढरी बुरशी. ती धावत मागे गेली. झरोक्यात काहीतरी ठासून कोंबलेलं होतं. ओढून काढलं तर स्वेतोझारचा लोकरी कोट.

तो अंगणात लाकडाच्या ढिगावर बसला होता. तिने कोट त्याच्यासमोर धरला.

"भावोजी, हे काय?"

"कोट आहे."

"ते मलाही दिसतंय. माझा घाणा नासवलात तुम्ही. मुद्दाम?"

"मुद्दामच," तो म्हणाला. "काल दुपारी डोकावलो तर तुम्ही घामाने निथळत बसलेल्या आणि तो वारा थेट पाठीवर. आमचा दादा कसा गेला, विसरलात? असाच बसला होता दोन दारांमध्ये, चार दिवसांत आटोपला. तुम्हांलाही पोचवून आलो की मग मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

नवरा हृदयविकाराने गेला असं कागदावर लिहिलं होतं, पण हे या घरात कुणी मानलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिनेही नव्हतं. शिव्या देण्यासाठी उघडलेलं तोंड तिने मिटलं. चाळीस वर्षांत हा माणूस तिच्याशी एक गोड शब्द बोलला नव्हता, आणि आज बोलला तो असा, घाणा नासवून.

तेवढ्यात फाटकाशी तियानाची गाडी थांबली. तिने वास घेतला, जाळ्या पाहिल्या, तिचा चेहरा उतरला. "वाईट वाटतं हो, देसांकाताई. यंत्र इथे चालत नाही, असंच लिहावं लागेल."

"माझीच चूक झाली," देसांका म्हणाली. "झरोका उघडायचा राहून गेला."

यावर स्वेतोझार नुसता गप्प राहिला असता तरी पुरे होतं. यंत्र गेलं असतं, जुनी भट्टी पेटली असती, कुऱ्हाड त्याचीच राहिली असती आणि गावात मान ताठ. तो उठला.

"खोटं बोलतायत त्या. झरोका मी बुजवला, माझ्या कोटाने. यंत्राला दोष नाही, लिहा तसं. खाली माझं नाव घाला, स्वेतोझार, आणि पुढे म्हातारा गाढव असंही घाला."

तियाना हळूच म्हणाली, "मला प्रोमाया लागू नये म्हणून आमच्या ऑफिसातल्या पंख्यावर माझी आई रुमाल बांधून गेली आहे. दहा दिवसांनी परत येते मी. दुसरा घाणा लावा."

नासलेली फळं त्यांनी राकियाच्या पिंपात ओतली, त्यामुळे शेजाऱ्यांपैकी कुणी फारसं रागावलं नाही. दुसऱ्या घाण्याला स्वेतोझारने बाक वाऱ्याच्या झोतातून ओढून भिंतीच्या आडोशाला ठेवला आणि देसांकाला तिथूनच काम करायला लावलं. ती निमूट बसली. मग त्याने खिशातून फोन काढला आणि लाकूडवाल्याला लावला.

"यंदा गाडी आणू नकोस," तो म्हणाला. "नाही, तब्येत बरी आहे. आमच्या वहिनी शिकून आल्यात, आता आम्ही उन्हावर वाळवतो."

मार्येताबाईंना, तियानाला, बसच्या ड्रायव्हरलासुद्धा देसांकाने तोंड भरून धन्यवाद दिले होते. इथे मात्र ती जाळीवरची फळं एकेक करून उलटत राहिली, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तसेच वाहू दिले.