उचललेला खांदा

शमशुद्दीन चित्तेवानाची जखम भरली होती, मनगट पहिल्यासारखं वळत होतं आणि माणूस कामावर हजर होता. त्यामुळे त्याच्या मते सगळं ठीक होतं. लाडीचं मत वेगळं होतं. लाडी ही दरबारनं शिकारीसाठी पाळलेली चित्त्याची मादी. गेल्या मोसमात शिकारीवरून उठवताना तिनंच त्याचं डावं मनगट फाडलं होतं. आता तो जवळ गेला की ती कान मागं पाडून गुरगुरायची आणि डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवू द्यायची नाही.

आणि टोपीवाचून या कामात राहिलंय काय? लाडीनं काळवीट पाडलं की चित्तेवानानं जवळ जायचं, रक्तानं भरलेला लाकडी डाव तिच्या नाकापुढं धरायचा आणि ती चाटण्यात गुंगली की टोपी चढवायची. जमादार हंबीररावांनी स्वच्छच सांगितलं होतं, "सोमवारी दरबारचं पावणं शिकारीला येणार. त्यांच्यासमोर घोळ केलास तर लाडी चित्तेवान अल्लाउद्दीनकडं जाईल आणि तू गवताच्या गंजीवर."

तेव्हापासून शमशुद्दीनला एका जागी बसवेना. अर्धी भाकरी टाकून उठायचा, अंगणात दोन फेऱ्या मारून परत ताटावर यायचा. लाडी दारातच खाटेला बांधलेली असे. ही जनावरं माणसांत रुळावीत म्हणून चित्तेवानांच्या बायका त्यांच्याशेजारी बसून बोलत राहायच्या. या कामात शमशुद्दीनच्या बायकोचा, कुलसुमचा, हात धरणारं कुणी नव्हतं. ती सासूची गाऱ्हाणी सांगायची आणि लाडी डोळे मिटून घुरघुरायची. मात्र शमशुद्दीन दारात आला की घुरघुर बंद.

"तुमचा डावा खांदा वर जातोय," एकदा कुलसुम म्हणाली. "आन् दम बी कोंडून धरताय."

"खांदा जागच्या जागी हाय."

"न्हाय. कानाला लागलाय."

त्यानं रागानं खांदा खाली ओढला. तेवढ्यानं मान ताठली, जबडा आवळला. तसाच तो छाती काढून लाडीकडं गेला, तर ती फिस्कारलीच. कुलसुमनं लाडीची जुनी टोपी आणली, नवऱ्याला उंबऱ्यावर बसवलं आणि टोपी त्याच्याच डोळ्यांवर बांधली.

"आता काय बी करू नगासा. नुसतं बघा."

"डोळं बांधलीस आन् बघ म्हणतीस?"

"आतनं बघा की."

बसणं म्हणजे त्याला शिक्षाच. पाय वळवळले, पाठ खाजली, उठून जावंसं वाटलं. एवढ्यात लाडी खाटेवर हलली, दोरी करकरली. आणि त्याला कळलं, खांदा आपला आपणच वर चालला होता. दम गळ्यात अडकला होता. पायाची बोटं उंबरा धरू बघत होती. त्यानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आपल्याच अंगाचा त्याला भयंकर संताप आला.

"हे माझ्या मागारी चाललंय व्हय?"

"खाली ओढू नगासा. वर गेलाय एवढं कळलं की थांबायचं."

मग त्याला तोच नाद लागला. शाहूपुरीच्या बाजारात भर रस्त्यात तो खांद्यासाठी थांबायचा आणि मागचा गाडीवान त्याच्या नावानं शिमगा करायचा. थांबलं की दम सुटायचा, खांदा आपोआप उतरायचा. पण एक नवंच झेंगट झालं. खांदा उतरला की हात कापायला लागायचा.

"बरं हुतं ते गेलं. आता ह्ये काय नवीन?" तो वैतागला.

"नवीन कुठलं? भ्याच हाय ते. खांद्याखाली दाबून ठिवलंवतं तुम्ही."

त्या बोलण्यानं शमशुद्दीनला रडूच आलं. लाडीची आपल्याला भीती वाटते, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सोमवारी माळावर लाडीनं काळवीट पाडलं. पाहुणे टांग्यांत उभे राहून बघत होते. शमशुद्दीन डाव घेऊन निघाला आणि अर्ध्या वाटेत त्याचा खांदा वर गेला. तो थांबला.

"थांबलास कशाला?" हंबीरराव मागून ओरडले. "हो फुडं."

पुढं पळावं की मागं, एवढंच त्याच्या पायांना कळत नव्हतं. तो तरीही उभा राहिला. दम सुटला, खांदा उतरला आणि हात असा कापू लागला की डावातलं रक्त त्याच्या सदऱ्यावर सांडलं. तसाच तो पुढं गेला. लाडीनं मान वर केली, त्याच्याकडं पाहिलं आणि डाव चाटू लागली. टोपी चढली, गळ्यात दोरीही पडली.

हंबीररावांनी मात्र फक्त सदरा बघितला. "पावण्यांदेखत हात लटलटत हुता तुझा. असल्या भित्र्याकडं जनावर ठिवणार न्हाय मी. अल्लाउद्दीन, घे रं दोरी."

पहाडासारखा अल्लाउद्दीन छाती काढून आला आणि त्यानं दोरी आवळून धरली. त्याचा खांदा कानाला टेकला होता. ते शमशुद्दीनशिवाय कुणाला दिसलं नाही. लाडीच्या तर डोळ्यांवर टोपी होती. तरी ती गुरगुरली, पंजे मातीत रोवून बसली आणि दोन हिसके दिले तरी हलली नाही. टांग्यांतून कुणीतरी हसलं.

"दोरी ढिली सोड, दादा. ती भ्याली हाय," शमशुद्दीन म्हणाला आणि त्यानं हात पुढं केला. तो अजून कापतच होता.

त्याच्या हातात दोरी गेली तशी लाडी उठली आणि त्याच्या पायाला घासून चालू लागली. हंबीरराव बराच वेळ मिशीवरून हात फिरवत मागून येत होते. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाले, "कापंना का हात. दोरी तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."