हा वाटा कोणाचा?

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला जेवणाचा टेबल समजू नका. मी टेबल टेनिसचा टेबल आहे. जुना आहे, एका पायाने लंगडा आहे, पण तोरा अजून गेलेला नाही.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. त्याने मला असं काही तासलं, घासलं, की चेंडू ठेवला तर जागचा हलायचा नाही. मग अंगावर हिरवा रंग चढला, कडेने पांढरी पट्टी आली आणि मी थेट एका इमारतीच्या तळघरातल्या क्लबात जाऊन पोहोचलो. काय दिवस होते ते! सकाळपासून टकटक सुरू. जिंकलेला माझ्यावर थाप मारायचा आणि हरलेला मूठ आपटायचा. खरं सांगू? मला दोन्ही आवडायचं.

पण सगळे दिवस सारखे नसतात. खेळणारी पोरं मोठी झाली, कामाधंद्याला लागली आणि क्लबाला कुलूप लागलं. मला दुमडून भिंतीला टेकवलं. मग माझ्या अंगाशी रंगाचे रिकामे डबे आले, मोडका पंखा आला, कोळ्यांनी तर संसारच थाटले. ओल चढून एक पाय फुगला. फार वाईट वाटायचं हो. इतक्या वर्षांत कुणी साधं फडकं मारलं नाही.

आणि एके दिवशी कुलूप उघडलं. दारात एक ताई उभी होती. ती त्याच इमारतीत राहायची आणि दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. तिच्यामागे एक टेम्पोवाला आणि एक शिंपीकाका होते.

"टेबल मिळाला!" ताई ओरडली.

तिघांनी मला उघडलं, पुसलं, लंगड्या पायाखाली लाकडाचा तुकडा सरकवला. माझी छाती फुगली. आता परत खेळ रंगणार! शनिवार उजाडला आणि माझ्यावर धाडकन ओतले गेले कांदे. कांदे! माझ्यावर! मी मनातल्या मनात थयथयाट केला.

हळूहळू सगळं कानावर पडलं. बाजारात ताज्या भाजीचे भाव आभाळाला भिडले होते, म्हणून शेजारच्या काही घरांनी मिळून भाजी मंडळ काढलं होतं. टेम्पोवाला दर शनिवारी ठोक बाजारातून माल आणायचा. सगळे मिळून तो निवडायचे, माझ्यावर वाटे घालायचे आणि ठोकच्याच भावात घरी न्यायचे. मालक नाही, नोकर नाही. सभासद व्हायला अट एकच, आठवड्यातून दोन तास हात लावायचा.

एका शनिवारी एक आजी आल्या. हातात दोन पिशव्या आणि कपाळावर भरपूर आठ्या. त्यांच्या सुनेला दिवस गेले होते, तिच्या अंगात रक्त कमी होतं आणि रोज पालेभाजी पोटात गेलीच पाहिजे असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तपासणीच्या वेळी ताईनेच त्यांना मंडळाचं सांगितलं. आजी सभासद झाल्या खऱ्या, पण मंडळ म्हणजे काय ते काही डोक्यात शिरलं नव्हतं. माझी जाळी अजून जागच्या जागी होती. आजी तिच्या पलीकडे गिऱ्हाईकासारख्या उभ्या राहिल्या आणि शिंपीकाकांशी घासाघीस करू लागल्या.

"पालक फार महाग लावलाय. काहीतरी कमी करा. आणि कोथिंबीर वर टाका."

"आजी, यात कमी करण्यासारखं काही नाही हो."

"सगळे दुकानदार हेच म्हणतात!"

"अहो, दुकानदार तुम्हीच आहात. तुम्ही, मी, ही ताई, आपण सगळेच."

आजींनी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. "म्हणजे इतका वेळ मी माझ्याशीच भांडत होते?"

"आणि हटत नव्हतात," ताई म्हणाली.

आजींना इतकं हसू आलं की त्यांनी मलाच धरून ठेवलं. मग बाह्या सरसावल्या, जाळीच्या अलीकडे आल्या आणि पालक निवडायला बसल्या. त्या दिवसापासून मला त्या आवडू लागल्या.

मंडळात मात्र सगळं आलबेल नव्हतं. वाट्यांवरून कुरबुर सुरू झाली. "पिचके टोमॅटो दर वेळी माझ्याच नशिबी कसे?" शिंपीकाका करवादायचे. "वाटे घालणारे आपलं आधी बघून घेतात," असं दुसरं कुणी पुटपुटायचं. एकेक घर यायचं बंद झालं. शेवटी ताईने सांगून टाकलं, "टेम्पो अर्धाही भरत नाही. ठोकवाला एवढ्याशा मालासाठी आपल्याला दारात उभं करत नाही. पुढच्या शनिवारी माणसं वाढली नाहीत, तर तो आपला शेवटचा शनिवार."

आजींच्या हातातली जुडी हातातच राहिली. सुनेला सातवा महिना लागला होता. आता कुठे तिच्या गालावर रंग दिसू लागला होता. आणि माझ्या डोळ्यांपुढे तर ती भिंत नाचू लागली.

पण आजी हात टेकणाऱ्यांतल्या नव्हत्या. आठवडाभर त्यांनी घरोघरीचे दरवाजे ठोठावले. "एकदा या, मग खुशाल सोडा," असं सांगत फिरल्या. शनिवारी तळघर भरलं. निम्मे तर नुसती गंमत बघायला आले होते.

"आज वाटे मी घालते," आजी म्हणाल्या. "शिंपीभाऊ, तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभे राहा."

"का? शिक्षा आहे का?"

"आम्ही सहा भावंडं. आई खाऊचे वाटे घालायची, एकाला पाठमोरं उभं करायची आणि वाट्यावर बोट ठेवून विचारायची, हा कोणाचा? तो ज्याचं नाव घेईल, त्याचा. भांडायला जागाच नाही."

नेमका त्याच दिवशी माल धड नव्हता. वाटेत उन्हाने बराचसा पालक मरगळला होता. चांगल्या जुड्या सगळ्यांना पुरणार नव्हत्या. आजींनी वाटे घातले आणि बोट ठेवलं.

"हा कोणाचा?"

"ताईचा!"

"हा?"

"टेम्पोवाल्याचा!"

पुढचा वाटा सगळ्यात रडका होता. आजींचं बोट क्षणभर अडखळलं. "हा कोणाचा?"

"आजींचा!" शिंपीकाकांनी झोकात सांगितलं.

सगळ्यांच्या माना आजींकडे वळल्या. सुनेचं सगळ्यांना ठाऊक होतं. आजींनी तो वाटा निमूटपणे पिशवीत भरला आणि पुढच्यावर बोट ठेवलं.

वाटे संपले. शिंपीकाका वळले आणि त्यांची नजर आजींच्या पिशवीवर गेली. "अरे देवा, हे काय करून बसलो!" त्यांनी आपल्या वाट्यातली हिरवीगार जुडी उचलली आणि आजींच्या पिशवीत खोचली.

"नियम म्हणजे नियम," आजी म्हणाल्या.

"नियम कुठे मोडला? वाटा माझा झाला. आता माझा वाटा मी कुणालाही देईन!"

मग ताईने दिली, टेम्पोवाल्याने दिली, आणखी कुणीकुणी दिली. पिशवी उचलेना तेव्हा आजी ओरडल्या, "पुरे! सून आहे माझी, म्हैस नाही!" आणि हे बोलता बोलताच त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

गंमत बघायला आलेले लोक ताईभोवती गोळा झाले. "आमचंही नाव घाला!" पुढच्या शनिवारी टेम्पो भरला. त्यानंतर तर दोन खेपा कराव्या लागल्या. रुसून गेलेली घरंही परत आली. मंडळ जिंकलं, मित्रांनो, आणि माझ्या अंगावर जिंकलं!

अडीच-तीन महिन्यांनी आजी दोन शनिवार आल्याच नाहीत. तिसऱ्या शनिवारी आल्या त्या छातीशी गाठोडं धरून. मागून सून हळूहळू चालत आली. शिंपीकाका पाठमोरे उभे होतेच. आजींनी सगळ्यांना गप्प राहायची खूण केली आणि ते गाठोडं अलगद माझ्यावर, भोपळ्यांच्या शेजारी ठेवलं.

"हा कोणाचा?"

"माझा!" शिंपीकाका म्हणाले. "आज पहिला वाटा माझाच!"

सगळं तळघर खो-खो हसायला लागलं. ते चमकून वळले. गाठोड्यातून दोन इवल्या मुठी बाहेर आल्या होत्या.

"नात आहे," आजी म्हणाल्या. "आणि आता माघार नाही. झबली तुम्हीच शिवायची."

डोळे पुसत पुसत शिंपीकाकांनी गळ्यातली टेप काढली आणि तिथेच, माझ्यावर, माप घ्यायला सुरुवात केली. त्या वेळी जगात माझ्याइतका भाग्यवान टेबल दुसरा नव्हता.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. काम झालं की कोरडं फडकं मारा, ओल माझ्या पायांना सोसत नाही. आणि तुमच्या तळघरात, जिन्याखाली माझ्यासारखा कुणी दुमडून भिंतीला टेकवलेला असेल, तर त्याच्यावर डबे रचू नका. त्याला उघडून तर बघा. त्याच्या एकट्याच्याने ते होत नाही हो, चार हात लागतात.