सातव्या वळणावरचा हात

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा आसवणी संच आहे. शेजारी शेजारी उभे दोन मनोरे, एवढाच माझा देह. स्कॉटलंडात फोर्थच्या खाडीकाठी एका कारखान्यात मी मक्याच्या आंबवणातून मद्यार्क वेगळा करत असे.

गार आंबवण एका नागमोडी नळीतून माझ्या दुसऱ्या मनोऱ्यात उतरे, तिथल्या वाफांनी तापे आणि मग पहिल्या मनोऱ्याच्या माथ्यावर पडे. तिथून ते भोकाभोकांच्या तबकांवरून खाली झिरपे. खालून चढणारी वाफ त्यातला मद्यार्क उचलून दुसऱ्या मनोऱ्यात नेई. तिथे गार नळीला लागून पाणी गळून पडे आणि मद्यार्क वरून बाहेर निघे. भरा, उकळा, रिकामे करा, असले लाड मला माहीत नव्हते. सोमवारी सुरू झालो की शनिवारपर्यंत उसंत नाही. रविवारी मात्र माझा जुना कामगार निनियन माझी तबके घासून लख्ख करी.

निनियनची पाळी संपली, की तो पुढच्या पाळीच्या वॉटीचा हात धरून माझ्या नळीच्या सातव्या वळणावर ठेवी. चटका बसला तर मी ठणठणीत. हात टिकला तर तबके तुंबून वाफ अडली.

"घाबरतोस काय? खाणार नाही तो तुला!"

"तुझ्या हाताला घट्टे पडलेत, म्हातारबा. माझी कातडी अजून जिवंत आहे!"

मग नवे साहेब आले. त्यांनी तापमापक बसवले आणि रविवारची सफाई महिन्यावर नेली.

"साहेब, काटा बरोबर दाखवतोय, पण वळण कोमट आहे," निनियन म्हणाला. "एक दिवस थांबवा. तबकं घासू द्या मला."

"काटा बघ, निनियन. हातावर कारखाना चालत नसतो."

त्या वर्षी निनियनला घरी बसवले. वॉटी काटा बघू लागला. मला कोणी हात लावीना. माझी तबके गाळाने भरली, मद्यार्काला घाण वास येऊ लागला आणि सगळे म्हणाले, संच म्हातारा झाला. मला फार वाईट वाटले. मी म्हातारा नव्हतो, तुंबलो होतो.

मला भंगारासाठी कापायच्या दिवशी निनियन आला. त्याने सातव्या वळणावर तळवा टेकला आणि झटकन मागे घेतला.

"अरे, गार आहे तो," वॉटी हळूच म्हणाला. "दोन महिने बंद आहे."

"मला माहीत आहे रे. हाताला कुठे माहीत आहे?"

मित्रांनो, तुमच्यासाठी राबणाऱ्याला अधूनमधून हात लावून बघत जा. तो ऊन आहे, तोवरच.