झऱ्याचं तोंड

“झऱ्याच्या तोंडात शिमिट कोंबलं कुनी?”

मेंढरं पाण्यावर घेऊन गेलेल्या केराबाईचा आवाज निम्म्या डोंगरावरनं आला. मी पायथ्याच्या रानात ज्वारीची धसकटं वेचत होते. टोपली तिथंच टाकून वर गेले.

वळसंगच्या अंगाला सगळं सपाट रान. त्यात हा एकटाच डोंगर, पोळपाटावर विसरलेल्या पिठाच्या गोळ्यासारखा. बहात्तरच्या दुष्काळात गाव ह्याच झऱ्यावर तगलं. आता खडीवाल्याला डोंगर पाहिजे होता. उन्हाळ्यात झरा वाहता दिसला तरच डोंगर वाचणार होता, आणि ते बघायला भूजल खात्याच्या मॅडम यायच्या होत्या. त्यांच्यापुढं गाव गबाळं दिसू नये म्हणून सरपंच प्रभुलिंगनं आदल्या दिवशीच झऱ्याच्या दगडी टाकीला आतनं गिलावा मारला. टाकी झाली देखणी. पाणी बंद.

“मावशे, चांगल्यासाठीच केलं की,” टाकीपाशी उभा प्रभुलिंग म्हणाला.

“व्हय तर! नवरी नटवली आन् नाकच बुजवलं.”

तेवढ्यात राजेश्वरी मॅडम चढून आल्याच. कोरडी टाकी बघून त्यांनी पेन काढलं.

“लिवू नगा बाई,” म्हणत केराबाईनं पहार उचलली. साठी उलटलेली, छातीत दम न्हाय. दोन घाव, मग श्वास. प्रभुलिंगनं पहार मागितली.

“ऱ्हाऊ दे. तुजा हात लई गुणाचा.”

गिलावा सुटला. आत खडकातला लाल मातीचा पट्टा दिसला. कोरडाच.

“मला अजून दोन गावं करायचीत, आजी.”

“घटकाभर बसा की.”

मॅडम बसल्या. पट्ट्यावर बोट ठेवून सांगू लागल्या. कोट्यवधी वर्षांमागं खडकाचा तापलेला रस वाहत आला, थिजला, त्यावर माती धरली. परत रस आला, माती भाजून लाल झाली. वरच्या खडकाच्या भेगांतनं पाणी उतरतं ते ह्या मातीवर अडतं आणि बाजूनं पाझरतं.

“मंजी ही बी भाजूनच निघालेली,” केराबाई म्हणाली आणि मातीवरनं हात फिरवला.

ऊन डोक्यावर आलं. मेंढरं जिभा काढून उभी. मग माती काळवंडली. आधी ओल, मग थेंब, मग करंगळीएवढी धार.

मॅडमनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, “झरा जिवंत.” मग हळूच म्हणाल्या, “पुढच्या साली परत तपासणी असेल, आजी.”

“येऊ द्या.” केराबाई वाटेतच खाली बसली. “आता उठवू नगा मला.”

मेंढरं तिच्या अंगावरनंच धारेकडं घुसली. तिनं पाय तेवढे आवरून घेतले.